काबुकीची किंवा जुन्या कथांची जपानी प्रिंट हातात आली, तर ती वाचायची कशी

माझ्याकडे एक प्रिंट आहे, टोकियोच्या जिम्बोचो भागातल्या, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या बाजारातल्या एका दुकानातून घेतलेली. एक बाई वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून बसलीय आणि तिच्या हातात छोटा आरसा आहे. घेतली तेव्हा वाटलं, बाई नटतेय, छान आहे, भिंतीवर शोभेल. जवळजवळ वर्षभर मी तिच्याकडे असंच बघत होतो. मग एक दिवस शिक्के वाचायला शिकलो, कपड्यांवरची चिन्हं शोधायला लागलो, आणि कळलं की ती नटत बिटत नाहीये, ती आरशातून खाली बसलेल्या माणसाच्या हातातलं गुप्त पत्र चोरून वाचतेय, आणि त्या पत्रात एका खुनाचा कट आहे. तेव्हापासून ती प्रिंट मला वेगळीच दिसते.

म्हणून हे सगळं लिहितोय. लाकडी ठशांनी छापलेल्या या चित्रांना उकियो-ए म्हणतात, त्यातली काबुकी या जुन्या जपानी नाटकातल्या नटांची चित्रं म्हणजे याकुशा-ए, आणि एदो शहरातल्या म्हणजे आजच्या टोकियोतल्या लोकांना ती बघितल्या बघितल्या कळायची, कारण नाटक त्यांनी त्याच महिन्यात पाहिलेलं असायचं. आपल्याला तसं कळणार नाही. पण कोण, कुठल्या भूमिकेत, कुठल्या नाटकात, कुठल्या वर्षी, यातलं बरंचसं त्या कागदावरच छापलेलं असतं. फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे आणि क्रम चुकवायचा नाही. मी सुरुवातीला थेट चित्रकाराच्या सहीवर उडी मारायचो, तो क्रम चुकीचा होता, खाली सांगतो का ते.

सगळ्यात आधी: कागद मोजा, उलटा करा, भिंगातून बघा

पट्टी घ्या. सगळ्यात कॉमन साईज ओबान, साधारण 39 बाय 26 सेंटीमीटर. त्याच्या अर्ध्या आकाराची चुबान, साधारण 26 बाय 19. आणि अरुंद उभी होसोबान, साधारण 33 बाय 15, जी 1770-80 च्या काळातल्या नटांच्या चित्रांना खूप वापरायचे. तुमच्या प्रिंटची साईज यातल्या कशातच बसत नसेल तर कडा कापलेल्या असतील किंवा ती नंतरची नक्कल असेल. कडा कापलेल्या असणं फार कॉमन आहे बरं का, लोक ही चित्रं अल्बममध्ये चिकटवायचे, त्यामुळे मधोमध घडी, कडेला शिवणीची भोकं, वाळवी-किड्यांनी खाल्लेले बोगदे हे सगळं जुन्या प्रिंटमध्ये दिसतंच, तेवढ्यावरून नाक मुरडू नका.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनारांकडे असतं तसलं. रंगाच्या जागी बारीक बारीक ठिपके दिसले, वर्तमानपत्राच्या फोटोत असतात तसे, की विषय संपला, ती मशीनवर छापलेली आहे. माझी पहिलीच ऑनलाइन खरेदी अशी निघाली. विक्रेत्याने "एकोणिसाव्या शतकातली ओरिजिनल" लिहिलं होतं, मी भिंग न लावता पैसे पाठवले, आणि आल्यावर ठिपके बघून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

ठिपके नसतील तर कागद उलटा करा. खऱ्या ठशाच्या प्रिंटमध्ये रंग कागदात मुरतो, मागून चित्र फिकट दिसतं. कारण बघा, कारागीर रंग लावलेल्या लाकडावर ओलसर कागद ठेवतो आणि मागून बारेन नावाच्या गोल चकतीने घासतो, म्हणजे रंग कागदाच्या धाग्यांमध्ये दाबला जातो. तिरप्या उजेडात धरलं तर घासल्याच्या गोल गोल खुणासुद्धा दिसतात. कागद कोझो झाडाच्या सालीचा, लांब धाग्यांचा, म्हणून एवढी रगडपट्टी सोसतो.

पण इथे फसायला होतं. मागून रंग दिसला म्हणजे ती जुनीच असं नाही, कारण विसाव्या शतकात जपानमध्येच नवीन ठसे कोरून जुन्या प्रसिद्ध चित्रांच्या उत्तम नकला हाताने छापल्या गेल्या आणि अजूनही छापल्या जातात. त्या फसवणूक म्हणून केलेल्या नाहीत, उलट कारागिरी म्हणून सुंदर आहेत, पण जुन्या म्हणून विकल्या गेल्या तर प्रॉब्लेम. ओळखायचा उपाय एकच, एखाद्या मोठ्या म्युझियमच्या वेबसाईटवरची त्याच चित्राची मोठी इमेज उघडायची आणि केसांच्या रेषा, बोटांचे शेवट, अक्षरांचे कोपरे एकेक करून ताडून बघायचे. लाकूड नव्याने कोरलं की रेषा हुबेहूब जुळत नाही, कपाळावरच्या केसांच्या मुळाशी तर हमखास फरक दिसतो, कारण तिथली रेषा केसाइतकीच बारीक कोरलेली असते.

मग शिक्के: वर्ष इथेच मिळतं

आता सहीच्या आधी शिक्के का? कारण एकाच चित्रकाराने वेगवेगळ्या वयात वेगवेगळी नावं लावली आणि शिष्यांनी गुरूचं नाव घेतलं, त्यामुळे नुसती सही वाचून गोंधळ होतो. वर्ष कळलं की सही आपोआप सुटते.

जपानवर तेव्हा राज्य करणाऱ्या तोकुगावा सरकारला प्रत्येक प्रिंट छापण्याआधी तपासून हवी असायची, आणि तपासल्याचा शिक्का लाकडात कोरून चित्रावरच छापला जायचा. सेन्सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट पोस्टरवरच, असं समजा. या शिक्क्यांची पद्धत काही काही वर्षांनी बदलत गेली आणि तेच आज आपल्या कामाचं ठरतं.

1790 च्या सुमारापासून 1842 पर्यंत "किवामे" नावाचा एक छोटा गोल शिक्का, आत एकच गच्च भरलेलं अक्षर. 1843 ते 1847 मध्ये तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचा एक शिक्का. 1847 ते 1852 मध्ये तसे दोन शिक्के, दोन अधिकाऱ्यांचे, बहुतेक वेळा शेजारी शेजारी किंवा खाली वर. 1852-53 मध्ये हे दोन आणि त्यांच्यासोबत तारखेचा लंबगोल शिक्का. 1853 च्या शेवटापासून 1857 पर्यंत "आरातामे" म्हणजे "तपासलं" असा शिक्का अधिक तारीख. 1858 मध्ये फक्त तारीख. 1859 पासून साधारण 1871 पर्यंत तारीख आणि "तपासलं" दोन्ही एकाच गोल शिक्क्यात. 1875 नंतर समासात सरळ ओळीत तारीख आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापलेला दिसतो. हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा, मी लावलंय.

माझ्या आरशावाल्या बाईवर दोन गोल शिक्के आहेत आणि तारीख नाही. म्हणजे 1847 ते 1852. जपानी न येताही, नुसते शिक्के मोजून पाच वर्षांच्या आत पोचलो की नाही?

तारखेचा शिक्का असेल तर अजून मजा. त्यात वर्षाचा प्राणी आणि महिन्याचा आकडा असतो. बारा प्राण्यांचं चक्र, उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. 1852 उंदराचं वर्ष, तिथून मोजत या, 1855 ससा, 1858 घोडा, 1861 कोंबडा, आणि 1864 ला परत उंदीर. महिन्यांमध्ये दोन, तीन हे आकडे तर कोणीही वाचेल, दोन आडव्या रेघा, तीन आडव्या रेघा. बाकीचे आकडे अर्ध्या तासात पाठ होतात. आणि कधीकधी महिन्याआधी "उरू" असं एक जादा अक्षर येतं, तो अधिक महिना! हो, आपल्यासारखाच, त्यांचंही जुनं पंचांग चंद्रावर चालायचं आणि ऋतूंशी मेळ बसवायला दर अडीच-तीन वर्षांनी एक महिना वाढवायचे. 1873 पासून त्यांनी इंग्रजी कॅलेंडर घेतलं. हे मला आजीच्या दाते पंचांगामुळे पटकन कळलं, नुसती इंग्रजी पुस्तकं वाचून आलेल्या माणसाला समजावं लागतं.

आता सही

सही उभी असते, शेवटचं अक्षर "गा" किंवा "हित्सू", म्हणजे "यांनी काढलं". नटांच्या प्रिंट्समध्ये तुमच्या हातात उतागावा कुनिसादाची प्रिंट येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, हा माणूस 1786 ते 1865 जगला आणि आयुष्यभर काढतच राहिला. 1844 मध्ये त्याने गुरूचं तोयोकुनी हे नाव घेतलं, म्हणून आज त्याला तिसरा तोयोकुनी म्हणतात. तो स्वतःला मात्र दुसराच म्हणवायचा, कारण मधल्या दुसऱ्याला तो मोजतच नव्हता. 1844 नंतरची त्याची सही बहुतेक वेळा एका उभ्या लाल चौकटीत असते, आणि चौकटीचं वरचं टोक दोरीला पीळ दिल्यासारखं असतं, ते तोशिदामा म्हणजे उतागावा परंपरेचं चिन्ह.

म्हणजे "तोयोकुनी" सही आणि किवामे शिक्का असेल तर बहुतेक गुरू, पहिला तोयोकुनी, आणि "तोयोकुनी" सही आणि दोन अधिकाऱ्यांचे शिक्के असतील तर शिष्य. म्हणूनच म्हटलं, शिक्के आधी.

सहीशेजारी प्रकाशकाचं चिन्हही असतं, ते सोडू नका. या सगळ्या धंद्याचा मालक प्रकाशकच. चित्रकार फक्त कागदावर रेखाटन द्यायचा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, चेरीच्या लाकडाच्या फळ्या, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि पैसा प्रकाशकाचा. त्सुताया जूझाबुरोचं चिन्ह एकदा बघितलं की विसरत नाही, वर फुजी डोंगर आणि खाली वेलीचं पान.

नट कोण? चेहऱ्याआधी चिन्ह बघा

काबुकीत घराणी असतात. आपल्या गायनातल्या घराण्यांसारखंच, पण इथे नावसुद्धा वारशाने मिळतं. पहिला इचिकावा दांजूरो, दुसरा, तिसरा, असं आजपर्यंत चालू आहे. प्रत्येक घराण्याचं एक चिन्ह, मोन, आणि ते नटाच्या बाहीवर, छातीवर, कधी पंख्यावर, कधी कंदिलावर हमखास काढलेलं असतं.

दांजूरोचं चिन्ह म्हणजे एकात एक तीन चौकोन, धान्य मोजायची मापं वरून बघितल्यासारखी. आपल्याकडची अधोली-पायली एकात एक ठेवलेली डोळ्यासमोर आणा, फक्त चौकोनी. ओनोए किकुगोरोच्या घराण्याचं चिन्ह पंखे आणि ओकची पानं. बांदो मित्सुगोरोच्या चिन्हात हात पसरून उभ्या माणसासारखं दिसणारं अक्षर तीनदा. सावामुरा सोजूरोच्या चिन्हात वर्तुळात एक "इ" अक्षर, जपानी काना लिपीतलं, दोन छोट्या उभ्या रेघांसारखं. सेगावा किकुनोजोचं चिन्ह बांधलेल्या कापसाची गाठोडी. एवढी पाच पाठ केली तरी बऱ्याच प्रिंट सुटतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, चिन्ह घराणं सांगतं, कितवा ते सांगत नाही. ते वर्षावरून काढायचं. तीन चौकोन आणि 1794 चं वर्ष असेल तर एक दांजूरो, 1850 असेल तर वेगळाच. म्हणून परत, शिक्के आधी.

चेहराही उपयोगी पडतो, कारण 1760-70 च्या दशकात कात्सुकावा शुन्शो वगैरेंनी नटाचा खरा चेहरा काढायला सुरुवात केली. त्याआधीच्या तोरीइ परंपरेच्या चित्रांत सगळे नट एकमेकांचे भाऊ वाटतात. नंतरच्या काळात नाक एवढं नेमकं काढतात की पाच-सहा प्रिंट बघितल्यावर तुम्ही नाकावरून नट ओळखायला लागता, खरंच.

बाईची भूमिका असेल तर कपाळाकडे बघा. 1629 पासून स्त्रियांना रंगमंचावर बंदी, सगळ्या भूमिका पुरुषांच्या, स्त्री-भूमिका करणारा तो ओन्नागाता. बालगंधर्वांच्या पोस्टकार्डांवर जीव टाकणाऱ्यांच्या घरात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. या नटांना कपाळावरचे केस काढायला लागायचे, ती जागा झाकायला ते जांभळ्या रेशमाचा तुकडा लावायचे. प्रिंटमध्ये बाईच्या कपाळावर जांभळा पट्टा दिसला की ती खरी बाई नाही, नट आहे, आणि चित्र नाटकाचं आहे. माझ्या बाईच्या कपाळावर हा पट्टा होता आणि मी वर्षभर त्याला दागिना समजत होतो!

पुरुष पात्राच्या चेहऱ्यावर रंगाचे पट्टे असतील तर ते कुमादोरी. लाल म्हणजे शूर, न्यायी, रक्त उसळलेला नायक. निळा म्हणजे दुष्ट किंवा भूत. तपकिरी म्हणजे माणूसच नाही, कोळी, राक्षस असलं काही. आणि डोळे तिरळे, मान वळवलेली, हातपाय ताणलेले, सगळं थिजलेलं दिसलं तर तो "मिए" चा क्षण, नट त्या पोजमध्ये थांबतो, बाजूला लाकडाच्या पट्ट्या फळीवर आपटतात आणि प्रेक्षक त्याच्या घराण्याचं नाव ओरडतात. चित्रकार बहुतेक वेळा तोच क्षण पकडतात.

नाटक कुठलं?

ही सगळ्यात आवडती पायरी. काही नाटकं इतक्या वेळा काढली गेलीत की त्यांच्या खुणा पाठ असल्या तर खूप काम होतं.

सगळ्यात आधी "कानादेहोन चूशिंगुरा", 1748 मध्ये ओसाकाला आधी बाहुल्यांच्या थिएटरमध्ये आलं, मग काबुकीत. 47 निराधार सामुराईंनी मालकाच्या मृत्यूचा बदला घेतला ती 1701 ते 1703 ची खरी घटना. पण ताज्या सामुराई घटनांवर नाटक करायला बंदी, म्हणून लेखकांनी ती चौदाव्या शतकात ढकलली आणि सगळी नावं बदलली. काना लिपीची अक्षरं 47, सामुराई 47, म्हणून नाव कानादेहोन. अकरा अंक आहेत आणि बऱ्याच अंकांची स्वतःची खूण आहे. काळोखी रात्र, पाऊस, छत्री घेतलेला काळ्या कपड्यातला देखणा चोर आणि कुठेतरी पळणारं रानडुक्कर दिसलं की पाचवा अंक. बर्फ, रात्र, काळ्या-पांढऱ्या नागमोडी किनारीचे कोट घातलेली माणसांची टोळी म्हणजे अकरावा, हल्ल्याचा अंक. दोन पिसं फुलीसारखी एकमेकांवर असं चिन्ह ज्याच्या कपड्यावर, तो एन्या हांगान, ज्याला पोट चिरून मरावं लागतं तो मालक. आणि दोन स्वल्पविराम एकमेकांभोवती फिरल्यासारखं चिन्ह म्हणजे ओबोशी युरानोसुके, बदल्याचा सूत्रधार.

सातवा अंक इचिरिकी नावाच्या चहाघरातला. युरानोसुके दारुडा असल्याचं नाटक करतोय म्हणजे शत्रूला संशय येऊ नये. मग एकटा पडल्यावर कंदिलाच्या उजेडात लांबलचक पत्राची गुंडाळी उलगडून वाचतो. वरून ओकारू नावाची मुलगी, तिला वाटतं प्रेमपत्र आहे, ती आरशात धरून वाचते. आणि ओसरीच्या खाली लपलेला शत्रूचा हेर कुदायू लोंबणारं पत्राचं दुसरं टोक वाचतोय. एक पत्र, तीन वाचक, तीन मजल्यांवर. मग ओकारूच्या केसातला आकडा खाली पडतो आणि युरानोसुकेला कळतं. माझी बाई ही ओकारू!

बाकीची थोडक्यात. तीन जुळे भाऊ, नावात पाइन, प्लम आणि चेरी, आणि बैलगाडीची मोडतोड चाललीय: "सुगावारा" नाटक, 1746. हातात छोटा ढोल, कपड्यावर गाडीच्या चाकाचं चिन्ह, आजूबाजूला तरंगणाऱ्या ज्वाळा: कोल्हा तादानोबू, "योशित्सुने सेन्बोन झाकुरा", 1747. त्या ढोलाचं कातडं त्याच्या आईबापांचं असतं, म्हणून तो माणसाचं रूप घेऊन ढोलामागे फिरतो, हा प्रवेश वाचला तरी गलबलून येतं. डोक्याला जांभळी पट्टी आणि हातात छत्री मिरवणारा छैला: सुकेरोकू. विटकरी रंगाचा अवाढव्य झगा, त्यावर भलेमोठे तीन चौकोन: "शिबाराकू". कपड्यावर फुलपाखरं असतील तर सोगा गोरो, छोटे पक्षी असतील तर त्याचा भाऊ जूरो. चेहऱ्याची एक बाजू सुजलेली, केस गळणारी भुताटकी बाई: ओइवा, "योत्सुया काइदान", 1825.

नाव लिहिलेलं नसेल तर घाबरू नका, त्याला कारण आहे

1842 च्या तेम्पो सुधारणांमध्ये सरकारने नट आणि गणिकांची चित्रं काढायलाच बंदी घातली, रंग किती वापरायचे आणि किंमत किती लावायची यावरही मर्यादा. प्रकाशकांचा अर्धा धंदा बुडाला. मग लोकांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. कुनियोशी नावाच्या चित्रकाराने 1847-48 च्या सुमाराला एक सेट काढला, गोदामाच्या भिंतीवर पोरांनी खिळ्याने रेघोट्या ओढाव्यात तशी वेडीवाकडी तोंडं. सेन्सॉरला दाखवायला ही भिंतीवरची रेघोटी, आणि लोकांना कळतंय की हा अमुक नट आणि तो तमुक नट, कारण नाक तेच, जबडा तोच. किती हिंमत आणि किती विश्वास, आपला प्रेक्षक ओळखेलच असा!

बंदी हळूहळू सैल झाली पण नटांची नावं लिहिणं बराच काळ टाळलं गेलं. त्यामुळे 1850 च्या आसपासच्या प्रिंटवर फक्त पात्राचं नाव असतं, नटाचं नाही. अजून एक गोम, त्या काळात "मिताते" म्हणजे कल्पनेतली जुळणी खूप चालायची. म्हणजे अमुक नटाने ही भूमिका केली तर कशी दिसेल? तिसऱ्या तोयोकुनीचा 1852 चा तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांचा नटांचा सेट असाच आहे, प्रत्येक मुक्कामाच्या देखाव्यापुढे त्या गावाशी जोडलेलं पात्र आणि त्या पात्रात एक नट. त्या सेटमधली प्रिंट मिळाली तर प्रयोगाची तारीख शोधत बसू नका. तारीख शोधायची तेव्हा जेव्हा चित्रात एकाच प्रवेशातली दोन-तीन पात्रं एकत्र आहेत आणि मागे सेट दिसतोय.

आणि नट आकाशी निळ्या पोशाखात, शेजारी मृत्यूची तारीख आणि धार्मिक नाव असेल तर ती शिनी-ए, श्रद्धांजलीची प्रिंट. आठवा दांजूरो 1854 मध्ये ओसाकात ऐन तिशीत आत्महत्या करून गेला तेव्हा अशा चित्रांचा पूर आला होता.

कथा-कादंबऱ्यांची चित्रं वेगळी वाचायची

नटाचं चिन्ह नाही, कपाळावर जांभळा पट्टा नाही, तर बहुतेक साहित्यातला प्रसंग. इथे पहिल्यांदा कोपऱ्यात पाच उभ्या रेघा शोधा, काही वरून एकमेकींना जोडलेल्या. ते गेन्जी-मोन. पाच वेगवेगळे धूप ओळखायच्या खेळातून आलेलं, कुठले वास सारखे ते रेघा जोडून दाखवायचं, अशा एकूण 52 जुळण्या होतात, आणि मुरासाकी शिकिबू या लेखिकेच्या अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या "गेन्जी मोनोगातारी" या कादंबरीत प्रकरणं 54, म्हणून पहिलं आणि शेवटचं सोडून एकेका प्रकरणाला एकेक जुळणी दिली. त्या रेघांचा तक्ता इंटरनेटवर सहज मिळतो, ताडून बघा, प्रकरण मिळालं.

रेघा नसतील तर वस्तू बघा. दोरी बांधलेलं मांजर आणि उचललेला पडदा म्हणजे तिसरी राजकन्या, मांजर पळालं, पडदा सरकला, काशिवागीने तिला बघितलं आणि पुढचा सगळा अनर्थ झाला. एदो काळातल्या चित्रात एखादी फॅशनेबल गणिका दोरीवाल्या मांजराबरोबर उभी असेल तरी इशारा तिकडेच आहे. पंख्यावर ठेवलेलं पांढरं फूल म्हणजे युगाओ. पुरुषाच्या डोक्यावरचा बुचडा कोळंबीच्या शेपटीसारखा दुभंगलेला असेल तर तो मूळ गेन्जी नाही, तो मित्सुउजी, 1829 ते 1842 मध्ये हप्त्याहप्त्याने निघालेल्या "निसे मुरासाकी इनाका गेन्जी" चा नायक. र्यूतेइ तानेहिकोने लिहिलेली आणि कुनिसादाने चित्रं काढलेली ही कादंबरी तुफान खपली आणि त्याच तेम्पो सुधारणांत बंद पडली. पण तिच्यावरची तीन पानी चित्रं पुढची वीस वर्षं निघत राहिली.

बाकी, आयरिसच्या फुलांमधून नागमोडी जाणारा फळ्यांचा पूल म्हणजे "इसे मोनोगातारी". समुद्रात घोड्यावर पाठमोरा तरुण आणि किनाऱ्यावरून पंखा हलवून त्याला बोलावणारा प्रौढ योद्धा म्हणजे आत्सुमोरी आणि कुमागाई, "हेइके" या युद्धकथेतला प्रसंग, 1184 ची इचिनोतानीची लढाई. अवाढव्य हाडांचा सापळा पडदा फाडून आत वाकलाय, ते कुनियोशीचं 1844 च्या सुमाराचं प्रसिद्ध तीन पानी चित्र, सांतो क्योदेनच्या कादंबरीतल्या ताकियाशा राजकन्येचं. आकाशात कुठेतरी चंद्र आहे आणि छपाई अफाट नाजूक आहे, तर योशितोशीचा चंद्राचा सेट बघा, 1885 ते 1892, शंभर चित्रं, त्यात नाटक, इतिहास, कविता सगळं आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं शेवटचं मोठं काम तेच.

एक चित्र सगळ्या पायऱ्यांतून नेऊन बघू

शाराकूचं ते चित्र तुम्ही नक्की पाहिलंय, छातीतून दोन पंजे बाहेर काढून डोळे वटारलेला माणूस. साईज ओबान. मागे गडद चकचकीत पार्श्वभूमी, अभ्रकाची पूड लावून केलेली. शिक्का किवामे. फुजी आणि वेलीचं पान, म्हणजे त्सुताया. सही शाराकू. हा माणूस 1794 च्या मेमध्ये कुठूनतरी उगवला आणि दहा महिन्यांत 140 हून जास्त चित्रं काढून गायब झाला. नट तिसरा ओतानी ओनिजी, भूमिका नोकर एदोबेइ, नाटक "कोई न्योबो सोमेवाके ताझुना", कावाराझाकी-झा थिएटर. आता कथा, एदोबेइ रस्त्यात पैसे लुटायला निघालाय. ज्याच्याकडे पैसे आहेत तो इप्पेइ, त्याचं वेगळं चित्र आहे, इचिकावा ओमेझोचं, तलवार उपसतानाचं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवा. एक पंजे पसरून पुढे येतोय, दुसरा तलवारीला हात घालतोय. एकटं बघितलं तर विचित्र तोंडाचा माणूस, दोन्ही एकत्र बघितली तर अंगावर येणारा प्रवेश.

खात्री कुठे करायची

उकियो-ए डॉट ऑर्ग वर फोटो टाकला की जगभरच्या म्युझियममधली तशीच चित्रं समोर येतात, सुरुवात इथून करा. नटांच्या चित्रांसाठी टोकियोच्या वासेदा विद्यापीठाच्या नाट्य संग्रहालयाचा डेटाबेस सगळ्यात भारी, त्यात नाटक, थिएटर, प्रयोगाची तारीख, नट, सगळं असतं, जपानीत आहे पण ब्राउझरचं भाषांतर पुरतं. क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठाचाही आहे. बॉस्टनचं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स आणि ब्रिटिश म्युझियम इंग्रजीत. फोटो काढताना खिडकीच्या सावलीतल्या उजेडात, कागदाला समांतर धरून काढा, फ्लॅश नको.

आणि घरात सांभाळायची कशी

जुने रंग, खास करून करडईचा गुलाबी आणि फुलांच्या रसाचा निळा, उजेडाने उडतात आणि परत येत नाहीत. म्युझियमवाले 50 लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, आपल्या हॉलमधल्या खिडकीसमोरची भिंत म्हणजे खूनच. लॅमिनेशन अजिबात नाही, सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही. आम्लमुक्त कागदाच्या फोल्डरमध्ये आडवी ठेवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट टाळा, कोकणात आणि मुंबईत तर नक्कीच, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. डांबरगोळ्या त्या फोल्डरमध्ये टाकू नका. फ्रेम करायची तर काच चित्राला चिकटता कामा नये, मध्ये माउंट हवा, आणि चार महिने भिंतीवर, मग परत अंधारात.

माझ्या ओकारूच्या उजव्या कडेला समास आहे पण डावीकडे कठडा मध्येच कापला जातो, म्हणजे ती तीन पानांमधलं उजवं पान आहे, ही चित्रं उजवीकडून डावीकडे वाचायची. वासेदाच्या डेटाबेसमध्ये दोन रात्री घालवल्यावर तिन्ही पानं एकत्र सापडली. मधल्या पानावर युरानोसुके कंदिलाखाली वाकलाय, पत्राचा कागद पानाची कड ओलांडून डावीकडे उतरतो, आणि तिथे ओसरीखाली कुदायू चष्मा लावून वाचतोय. दोन्ही पानांचा प्रिंटआउट काढून मी फोल्डरमध्ये तिच्या शेजारी ठेवलाय. खरी पानं अजून शोधतोय, कोणाला दिसली तर दोन गोल शिक्के आणि कठड्याचं टोक तेवढं ताडून बघा.